हातचें आणि हाताबाहेरचें

चिता आणि चिंता या दोन शब्दांत फरक काय तो एका अनुस्वाराचा. पण चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जिवंताला, असें आपल्याकडील वडील माणसें पूर्वींपासून सांगत आलीं आहेत. हें सांगतांना त्यांच्या डोळ्यांपुढें असतो तो कर्त्या वयाचा माणूस. घराचा, नोकरीचा, दुखण्याबाण्याचा घोर लागलेला. लहान मुलांना कसली आली आहे चिंता, त्यांनीं खावें, प्यावें, खेळावें, असें आपण सहज बोलून जातों. वस्तुस्थिति मात्र तशी नाहीं. सोमवारीं शाळेची वेळ झाली कीं ज्या मुलाच्या पोटांत दुखूं लागतें आणि रविवारीं मुळींच दुखत नाहीं, अंथरुणावर पडल्यावर जें मूल "आई, तूं मरणार तर नाहींस ना?" असें एकाएकीं विचारतें, जें एकच पान चारदां फाडून पांचव्यांदा लिहावयास बसतें, त्याला चिंतेनें गांठलेलें आहे असें खुशाल समजावें.

या चिंतेवर घरोघर दोन औषधें चालतात. एक धाकाचें: "भित्री भागूबाई कुठली!" दुसरें धीराचें: "कांहीं होत नाहीं, उगीच घाबरतोस." पहिल्यानें चिंता जात नाहीं, ती बोलून दाखविणें तेवढें बंद होतें. दुसऱ्याचा गुण घटकाभर टिकतो. घटका संपली कीं मूल पुन्हां तोच प्रश्न घेऊन दाराशीं उभें. तिसरी एक वाट आहे आणि तिच्याविषयीं आज आम्हांला आमच्या वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. सुपांत तांदूळ घेऊन आपण जसे खडे वेगळे करतों, तशी आपल्या चिंतेंतील हातचें किती आणि हाताबाहेरचें किती याची निवड करावयास मुलाला शिकवावें, आणि जें हातचें निघेल त्याच्या मागें त्याला लगेच लावून द्यावें, ही ती वाट होय.

चिंतेचें स्वरूप

भीति आणि चिंता या सख्ख्या बहिणी असल्या तरी एक नव्हेत. कुत्रा अंगावर धांवून आला कीं वाटते ती भीति. उद्यां शाळेच्या वाटेवर कुत्रा असेल कीं काय या विचारानें आज रात्रीं झोंप उडते ती चिंता. भीतीचा विषय समोर असतो. पळावें किंवा काठी उगारावी, कांहीं तरी निकाल लागतो. चिंतेचा विषय पुढें कोठें तरी असतो, म्हणून त्याच्यापासून पळतांही येत नाहीं आणि त्याच्यावर काठीही उगारतां येत नाहीं. शरीराला मात्र हा भेद कळत नाहीं. मेंदूंत खोलवर अमिग्डाला नांवाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे. संकटाची चाहूल लागतांच तो इशारा देतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तांत सुटतें, छाती धडधडूं लागते, तळहातांना घाम फुटतो, पोटाकडील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें. संकट खरें असो वा कल्पनेंतलें असो, ही धांदल तीच. सोमवार सकाळची पोटदुखी म्हणूनच सोंग नव्हे. पोट खरोखरच दुखत असतें. तें खोटें ठरविलें, म्हणजे मुलाला चिंतेच्या जोडीला अपमानही सोसावा लागतो.

सर्वच चिंता वाईट, असेंही नाहीं. १९०८ सालीं रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं उंदरांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, अवघड गोष्ट शिकतांना उत्तेजन फार थोडें असलें तर शिकणें रेंगाळतें, आणि फार झालें तरी तें बिघडतें. मधलें प्रमाणच उपयोगी पडतें. माणसाचा अनुभवही बराचसा असाच आहे. भाजींतल्या मिठासारखी ही गोष्ट आहे. अळणी भाजी घशाखालीं उतरत नाहीं आणि खारट झालेली पानांतच राहते. मुलाच्या मनांतून चिंता समूळ उपटून काढावयाची, हा आपला हेतु नसावा. ती कामास लागेल इतकीच उरावी, एवढें साधलें म्हणजे पुष्कळ झालें.

जुनेंच शहाणपण

हातचें व हाताबाहेरचें यांचा भेद आजकालच्या मानसशास्त्रानें शोधून काढला, असें मात्र कोणीं समजूं नये. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं एपिक्टेटस नांवाचा एक तत्त्वज्ञ रोमन साम्राज्यांत होऊन गेला. आयुष्याचा पहिला भाग त्यानें गुलामगिरींत काढला आणि तो पायानें अधू होता. सम्राट डोमिशियननें तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यावर तो ग्रीसमधील निकोपोलिस येथें शाळा चालवूं लागला. त्याचे विचार एरियन नांवाच्या शिष्यानें टिपून ठेवले. त्यांच्या छोट्या सारग्रंथाचा आरंभच या भेदापासून होतो. ज्याचें शरीरसुद्धां एके काळीं दुसऱ्याच्या मालकीचें होतें, अशा माणसानें आपलें मत व आपला प्रयत्न आपल्या स्वाधीन असल्याचें सांगावें, यांत त्या विचाराचें सारें वजन आहे.

आपल्या घरांतून तर गीता नित्य वाचली जाते. दुसऱ्या अध्यायांतील कर्म आणि फळ यांचा भेद सर्वांच्या तोंडीं असतो. अठराव्या अध्यायांतील विचार त्या मानानें कमी आठवला जातो. कोणतेंही कार्य सिद्धीस जावयास पांच कारणें लागतात असें सांगून तेथें अधिष्ठान, कर्ता, साधनें, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पांचवें दैव, अशी गणना केली आहे. दैव हें पांचांतील एक आहे. तें शून्यही नाहीं आणि सर्वस्वही नाहीं. हा हिशेब समजावयास मुलाचें दहा वर्षांचें वय पुरेसें होतें.

याचें उदाहरण हवें तर तें आपल्या महाराष्ट्रांतच आहे. लोकमान्य टिळकांना १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. सुटका, बाहेरचें राजकारण, घरचें क्षेमकुशल, यांतील कांहींच तेथें त्यांच्या हातचें नव्हतें. १९१२ सालीं पत्नी निवर्तली, तेव्हांही ते तुरुंगांतच होते. हातचें होतें तें वाचन, मनन आणि लेखन. १९१०-११ च्या हिवाळ्यांत त्यांनीं पेन्सिलीनें 'गीतारहस्य' लिहून काढलें. १९१४ सालीं सुटून आल्यावर त्या वह्या सरकारकडून परत येण्यास विलंब होऊं लागला आणि जवळचीं माणसें काळजींत पडलीं. तेव्हां वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यांत आहे, सिंहगडावर बसून तो पुन्हां लिहून काढूं, असें टिळकांनीं सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. पुढें वह्या मिळाल्या आणि १९१५ सालीं ग्रंथ बाहेर पडला. मुलांना ही गोष्ट सांगावी ती टिळक निर्भय होते एवढें दाखविण्यासाठीं नव्हे. वह्या कोणाच्या हातांत आहेत आणि ग्रंथ कोणाच्या, हें त्यांनीं कसें निवडलें, तें मुलांना दाखवावें.

तीन रकाने

प्रत्यक्ष मुलाशीं बोलतांना दोन रकाने अपुरे पडतात, असा आमचा अनुभव आहे. हातचें आणि हाताबाहेरचें असें म्हटलें कीं बऱ्याच गोष्टी कोठें घालाव्या हें मुलाला उमगत नाहीं. म्हणून तीन रकाने करावेत: माझ्या हातचें, दुसऱ्याच्या हातचें, कोणाच्याच हातचें नाहीं तें. दुसऱ्या रकान्याचें महत्त्व असें कीं, जें दुसऱ्याच्या हातीं आहे तें आपल्याला मागतां येतें, विचारतां येतें, त्याबद्दल विनंती करतां येते. लहान मूल स्वभावतःच परावलंबी. त्याच्या पुष्कळशा चिंतांचें उत्तर कोणा तरी मोठ्या माणसाच्या हातीं असतें. तें उत्तर कोणाकडे मागावें, हें कळणें हीसुद्धां हातची गोष्ट आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांवर हृदयाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. मोठीं माणसें दाराआड कुजबुजत आणि मुलें जवळ आलीं कीं गप्प होत. तिसऱ्या दिवशीं नऊ वर्षांची नात भरल्या ताटावरून उठली. आत्यानें तिला गच्चीवर नेलें.

"आजोबा मरणार का ग आत्या?" तिनें विचारलें.

"डॉक्टर म्हणतात, बरे होण्याचा संभव पुष्कळ आहे. पण नक्की काय होईल, तें आज कोणालाच ठाऊक नाहीं. मलासुद्धां काळजी वाटते."

मुलगी बराच वेळ बोलली नाहीं. मग हळूच म्हणाली, "परवां मी त्यांच्याशीं भांडलें, त्यानें तर नाहीं ना त्यांना झालें?"

"नाहीं हो बाळ. रक्तवाहिन्या अरुंद व्हायला वर्षेंच्या वर्षें लागतात. तुझ्या भांडण्यानें कांहीं सुद्धां झालेलें नाहीं."

हा शेवटचा प्रश्न घरांतील एकाही मोठ्या माणसाला सुचला नव्हता. लहान मुलांना, विशेषतः सहासात वर्षांपर्यंत, आपल्या मनांत आलें म्हणून बाहेर तसें घडलें असें वाटूं शकतें. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनीं १९२० नंतरच्या दशकांत मुलांच्या अशा विचारपद्धतीविषयीं विस्तारानें लिहिलें आहे. त्याहून मोठ्या मुलांतही दुखण्याच्या वा मृत्यूच्या प्रसंगीं ही समजूत पुन्हां डोकें वर काढते. "हें तुझ्यामुळें झालेलें नाहीं," हें वाक्य मुलानें न विचारतां सांगून टाकावें. विचारण्याचें धैर्य त्याला होईलच असें नाहीं.

त्यानंतर आत्यानें एक कोरा कागद घेतला, मुलीचा पंजा त्यावर ठेवून पेन्सिलीनें भोंवतीं रेघ ओढली आणि पंजाच्या आंत काय काय लिहितां येईल, असें तिलाच विचारलें. आजोबांना रोज संध्याकाळीं वर्तमानपत्र वाचून दाखविणें. रात्रीं त्यांच्या उशाशीं तांब्याभांडें ठेवणें. रुग्णालयांत न्यावयाला एक चित्र काढणें. आपला गृहपाठ कोणीं न सांगतां उरकणें. हें सारें पंजाच्या आंत आलें. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या हातीं, औषधांच्या वेळा काकांच्या हातीं, पैशांची तजवीज बाबांच्या हातीं, हें बाहेर एका बाजूला आलें. आजोबांचें शरीर शस्त्रक्रिया कशी सोसेल, हें कोणाच्याच हातीं नाहीं. तें दुसऱ्या बाजूला लिहिलें. "मला भेटायला नेणार का?" हा प्रश्न बाबांच्या बाजूस पडला आणि लगोलग जाऊन बाबांना विचारण्यांतही आला.

त्या रात्रीं मुलगी थोडी रडली, पण जेवली. आजोबा पुढें बरे होऊन घरीं आले, हें त्या घराचें सुदैव. परंतु ते आले नसते, तरी आत्याचें एकही वाक्य खोटें पडलें नसतें. "कांहीं होत नाहीं" असें म्हणणाऱ्या माणसाला हा आधार नसतो. एकदां तें वाक्य खोटें ठरलें, कीं पुढल्या प्रत्येक संकटांत मूल आपल्यावर विश्वास ठेवावयास कचरतें.

चार साधे उपाय

रकाने भरल्यावर पुढें काय करावें, याविषयीं कांहीं गोष्टी अनुभवास व प्रयोगास उतरलेल्या आहेत.

पहिली गोष्ट जर-तरची. चिंतेचें वाक्य बहुधा अर्धवट असतें: "जर पेपर अवघड आला तर?" या 'तर'च्या पुढें रिकामी जागा असते आणि तींत मूल वाटेल तें भरतें. ती जागा आधींच भरून ठेवावी: "जर पहिला प्रश्न आला नाहीं, तर मी त्यावर खूण करून दुसरा घेईन." "जर डब्याच्या सुट्टींत कोणीं खेळायला घेतलें नाहीं, तर मी वाचनालयांत जाईन." जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनीं अशा जर-तरच्या संकल्पांचा पुष्कळ अभ्यास केला असून, नुसता हेतु धरण्यापेक्षां अशा रीतीनें प्रसंग व कृति यांची गांठ घालून ठेवलेला हेतु अधिक वेळां पार पडतो, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत दाखविलें आहे. 'तर' नंतरचा कर्ता 'मी' असला पाहिजे, एवढें पथ्य पाळावें.

दुसरी गोष्ट वेळेची. चिंतेला दिवसभर मोकळें रान न देतां तिला एक ठराविक वेळ नेमून द्यावी. अमेरिकेंतील थॉमस बोर्कोव्हेक व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालीं कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला: रोज एका ठराविक जागीं अर्धा तास चिंता करावयाची, इतर वेळीं ती आली तर त्या अर्ध्या तासावर ढकलावयाची. ज्यांनीं तसें केलें त्यांची चिंता कमी झाली. लहान मुलाला दहापंधरा मिनिटें पुरतात. आपल्या घरांत तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला, शुभंकरोति झाली, कीं जी थोडी निवांत घटका मिळते, ती या कामाला फार चांगली. निजावयाची वेळ मात्र यासाठीं घेऊं नये; अंधारांत लहान गोष्टी मोठ्या दिसतात. दिवसा मूल चिंता घेऊन आलें तर त्याला झिडकारूं नये, "संध्याकाळीं बोलूं, कागदावर लिहून ठेव," असें सांगावें आणि संध्याकाळीं आठवणीनें बोलावें. पुष्कळदां संध्याकाळपर्यंत ती चिंता शिळी होऊन गेलेली आढळते.

तिसरी गोष्ट श्वासाची. छातीची धडधड आपल्या हुकमानें थांबत नाहीं, पण श्वास हुकमांत राहतो. शरीराच्या या घालमेलींत हातचें असें तेवढेंच एक दार आहे. श्वास सोडतांना व्हेगस नांवाच्या मज्जातंतूच्या द्वारें हृदयाची गति किंचित् मंदावते. म्हणून घेण्यापेक्षां सोडावयास अधिक वेळ लावावा. मनांत तीन मोजेपर्यंत घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सोडावा. मुलांना श्वास कोंडून धरावयास लावण्याचें कारण नाहीं. हा अभ्यास शांत वेळीं रोज दोन मिनिटें करून घ्यावा, म्हणजे ऐन प्रसंगीं तो आठवेल. विहिरींत पडल्यावर पोहणें शिकतां येत नाहीं.

चौथी गोष्ट लिहिण्याची. शिकागो विद्यापीठांतील जेरार्डो रामिरेझ व सायन बायलॉक यांनीं २०११ सालीं असें दाखविलें कीं, परीक्षेच्या अगदीं आधीं दहा मिनिटें आपल्या मनांतील चिंता मोकळेपणीं कागदावर उतरविलेल्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले, आणि हा लाभ ज्यांना परीक्षेची भीति अधिक, त्यांना अधिक झाला. लिहून झालेला कागद कोणीं वाचूं नये, शुद्धलेखन तर मुळींच तपासूं नये.

घरांत वडील माणसें अनेक

एकत्र कुटुंबांत मुलाला धीर देणारीं माणसें पुष्कळ, हें त्याचें भाग्य. पण येथेंच एक अडचणही उभी राहते. मुलाला शाळेंत जावयाची भीति वाटते; आई म्हणते, गेलेंच पाहिजे; आजी म्हणते, आज राहूं दे पोराला; काका म्हणतो, मी गाडीवरून सोडतों; आजोबा म्हणतात, मी मास्तरांना चिठ्ठी देतों. सर्वांचें मन मायेचें, यांत शंका नाहीं. मूल मात्र यांतून एवढेंच शिकतें कीं, भीति दाखविली म्हणजे ती गोष्ट टळते, आणि आपल्याला ती झेपणार नाहीं असें मोठ्यांनाही वाटतें. टळलेली भीति व्याजानें वाढते.

या बाबतींत येल विद्यापीठांतील एली लेबोविट्झ व त्यांचे सहकारी यांचें काम मननीय आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत सात ते चौदा वर्षांचीं, चिंतेच्या विकारानें त्रासलेलीं १२४ मुलें होतीं. कांहीं मुलांवर नेहमींप्रमाणें मानसोपचार केले. उरलेल्यांच्या बाबतींत मुलाला न बोलावितां फक्त आईबापांना शिकविलें. शिकविलें तें मुख्यतः हें कीं, मुलाच्या चिंतेसाठीं घराची घडी जी बदलत गेली आहे ती हळूहळू पूर्ववत् करावी आणि तसें करतांना मुलाला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या: तुला त्रास होतो हें आम्हांला कळतें, आणि तूं तो सोसूं शकशील असा आम्हांला भरंवसा आहे. दोन्ही उपायांचा गुण सारखाच आला. मुलाचें मन आपल्या हातचें नाहीं, पण आपलें वागणें आहे. हातचें व हाताबाहेरचें हा भेद आधीं वडील माणसांनीं पाळावयाचा आहे, तो असा.

म्हणून आमची सूचना अशी कीं, घरांतील मोठ्या माणसांनीं मुलांच्या अपरोक्ष एकदां बसून एक शब्द ठरवावा. आजी व आई यांचीं उत्तरें एक असावींत. भीतीची गोष्ट एकदम करावयास लावूं नये, तिच्या पायऱ्या पाडाव्या: आज शाळेच्या फाटकापर्यंत आजोबांनीं यावें, पुढल्या आठवड्यांत कोपऱ्यापर्यंत, त्यानंतर दारापर्यंत. पायरी चढल्याचें कौतुक करावें. उतरल्यास बोल लावूं नये, दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच पायरी घ्यावी. मायेचा हात धरण्यासाठीं असतो तसाच तो योग्य वेळीं सोडण्यासाठींही असतो, आणि आजीइतकें हें कोणाला समजावें?

परीक्षेचे दिवस

सुशिक्षित घरांतील मुलांच्या चिंतेचें मोठें माहेर म्हणजे परीक्षा, त्यांतही दहावीची. तेथेंही तीन रकाने उपयोगी पडतात. किती वाजतां उठावयाचें, कोणता धडा घ्यावयाचा, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावयाच्या, रात्रीं पुरेशी झोंप घ्यावयाची, ओळखपत्र व दोन लेखण्या आदल्या रात्रींच दप्तरांत ठेवावयाच्या, हें विद्यार्थ्याच्या हातचें. प्रश्न कोणते काढावयाचे आणि उत्तरपत्रिका कशी तपासावयाची, हें दुसऱ्याच्या हातचें. आणि कोणाच्याच हातचें नाहीं असेंही कांहीं असतें, याचा धडा आपल्या मुलांनीं गिरविला आहे. २०२० सालीं २३ मार्चला व्हावयाचा दहावीचा भूगोलाचा पेपर कोरोनाच्या साथीमुळें आधीं पुढें ढकलला गेला व मग रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले गेले. २०२१ सालीं तर सबंध परीक्षाच झाली नाहीं. शाळांतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. वर्षभर एकाच तारखेवर डोळे लावून बसलेल्यांची ती तारीखच नाहींशी झाली. ज्यांना अभ्यासाची संवय व गोडी लागली होती, त्यांची ती कमाई मात्र कोणीं रद्द करूं शकलें नाहीं.

परंतु येथें वडील मंडळींना एक इशारा द्यावासा वाटतो. हा भेद फार लवकर चाबूक बनतो. "अभ्यास तुझ्या हातचा होता ना? मग गुण कां कमी?" असें एकदां म्हटलें, कीं तीन रकान्यांचा सगळा खेळ मुलाच्या दृष्टीनें संपला. अभ्यास हातचा आहे, गुण पूर्णपणें हातचे नाहींत. गीतेनें पांच कारणें मोजलीं तीं उगीच नव्हेत. विचारावयाचें असेल तर एवढेंच विचारावें: ठरविलेलें तूं केलेंस का? केलें असेल, तर निकाल कांहीं लागो, त्याची पाठ थोपटावी. केलें नसेल, तर काय आडवें आलें तें शोधावें. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांच्या मुलांच्या टक्केवारीची जी मिरवणूक निघते, ती बंद करणें हें तर सर्वस्वीं मोठ्यांच्या हातचें आहे. आणि नापास झाल्यानें जग बुडत नाहीं, हें निकालाच्या दिवशीं नव्हे, पेपर सुरू होण्यापूर्वींच मुलाला सांगून ठेवावें. त्याच वर्षीं पुरवणी परीक्षा होते आणि वर्ष वांचूं शकतें, ही माहितीही त्याच्या कानावर असावी.

हा उपाय कोठें लावूं नये

कांहीं चिंतांचा खरा अर्थ असा असतो कीं, मूल आपल्याला हांक मारीत आहे. शाळेंत कोणी मारतो किंवा छळतो. कोणी मोठें माणूस नको तशी सलगी करतें. घरांत रोज भांडण होतें. वडिलांची नोकरी गेली आहे आणि कोणी बोलत नाहीं. अशा वेळीं "तुझ्या हातचें तेवढें बघ" असें सांगणें म्हणजे मुलाच्या खांद्यावर आपलें ओझें टाकणें होय. तेथें मुलाच्या हातचें एकच असतें, आणि तें म्हणजे सांगणें. तें त्यानें केलें, कीं पुढचें सर्व आपल्या हातचें; तें आपण टाळलें, तर आपल्या उपदेशाला कवडीची किंमत उरत नाहीं. भित्र्या मुलाला धीट करणें आणि अन्याय सोसणाऱ्या मुलाला गप्प करणें, यांतील अंतर ओळखण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.

तसेंच कांहीं चिंता घरगुती उपायांच्या पलीकडच्या असतात. कित्येक आठवडे झोंप किंवा भूक हरवली आहे, शाळा सुटत चालली आहे, हात धुणें वा वस्तु पुन्हां पुन्हां तपासणें थांबत नाहीं, जीव घाबरा होऊन श्वास कोंडतो, असें दिसलें तर ताप आल्यावर जसे आपण डॉक्टरकडे जातों, तसेंच मानसोपचारतज्ज्ञाकडे जावें. मुलाच्या तोंडीं मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबूं नये. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. यांत कमीपणा कांहीं नाहीं. चष्मा लागला म्हणून आपण मुलाला घरांत लपवून ठेवीत नाहीं.

मुलांना जें शिकवावयाचें, तें तीं बहुतेक आपल्याला पाहूनच शिकतात, आणि चिंताही त्याला अपवाद नाहीं. रात्रीं बातम्या पाहतांना आपण काय बोलतों, लोकल चुकली किंवा बिल थकलें असतां घरांत आवाज कोणत्या पट्टींत चढतो, हें सर्व शेजारच्या खोलींत ऐकूं जात असतें. म्हणून मुलाच्या हातीं कागद देण्यापूर्वीं आपल्या चिंतांचे तीन रकाने आपण एकदां मांडून पाहावे, आणि जमल्यास मुलांना ऐकूं जाईल असें म्हणावें: "हें माझ्या हातचें नाहीं, माझ्या हातचें एवढें आहे, आणि तें मी आतां करतों." असें बोलणें ज्या घरांत वारंवार ऐकूं येतें, तेथें मुलांना या विषयाचे वेगळे पाठ फारसे द्यावे लागत नाहींत.